बुटकी गाडी, उंच इंजिन

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची दोन आसनांची उघडी गाडी काढली. वजन पाचशे किलोच्या आसपास, दारे नाहीत, छप्पर म्हणजे नावापुरते कापड, आणि बसल्या जागेवरून हात बाहेर सोडला तर बोटे डांबराला टेकतील इतकी बुटकी. ही गाडी सुट्या भागांत विकत घेऊन घरच्या गॅरेजात जोडता येई. तिच्या साध्या सांगाड्यावरून पुढे इंग्लंडमध्ये किट कारचे एक अख्खे घराणेच उभे राहिले. केटरहॅमने तिचे हक्क घेतले, वेस्टफील्डने १९८०च्या दशकात तिच्याच वळणाच्या गाड्या काढल्या, आणि हौशी लोकांनी तर मोडीतल्या मोटारींच्या भागांतून तिच्या किती आवृत्त्या जुळवल्या याला मोजदाद नाही. इंजिने बदलली, मालक बदलले, कायदे बदलले. एक तक्रार तेवढी टिकून राहिली, ती म्हणजे इंजिनाखालचा तेलाचा चेंबर रस्त्याला लागतो. तिच्यावर कोणालाही पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे चेंबरखाली जाड पत्रा लावून टाकणे. माझे म्हणणे असे, की हा उपाय वेगळ्याच जातीच्या गाड्यांकडून उसना आला आहे आणि बुटक्या गाडीला तो बहुधा मानवत नाही. तिचा चेंबर वाचवायचा तर काम खालून करण्याऐवजी वरून करावे लागते. हे पटवायचे तर आधी हा चेंबर इतका खाली आलाच कसा, ते पाहायला हवे.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाला खालून बोल्टांनी आवळलेले, वरून उघडे असे तेलाचे भांडे. फोर्डच्या जुन्या इंजिनांत ते पातळ पोलादी पत्रा साच्यात दाबून घडवत. कडेला गॅस्केट, तळाशी तेल सोडायचा प्लग. आत साडेतीन-चार लिटर तेल असते आणि तळापासून जेमतेम काही मिलिमीटरवर तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड, त्याला जाळी. पंप या जाळीतून तेल ओढून दाबाने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोचवतो. चालू इंजिनात शाफ्ट आणि बेअरिंग यांची धातूला धातू अशी गाठ पडतच नाही, मधे तेलाचा दाबाखालचा पातळ थर असतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी बेअरिंग खरवडले जाते आणि पुढचा खर्च चेंबरचा राहत नाही, इंजिनाचा होतो. चेंबरला मार बसण्याचे प्रकारही दोन. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर तडकतो. तेल रस्त्यावर सांडते, दिवा लागतो, निदान झाले काय ते कळते. पोलादी पत्र्याचा चेंबर तडकत नाही, आत दबतो, आणि हा प्रकार जास्त फसवा आहे. तळाला पोचा पडला की तो वर सरकून जाळीच्या तोंडाशी भिडतो. बाहेर तेलाचा थेंब नाही, पट्टीवर पातळी बरोबर दिसते, मंद वेगात दाबही ठीक असतो. इंजिन जोरात फिरवले आणि पंपाला भरपूर तेल लागले, की मग ते अडलेल्या तोंडातून पुरेसे येत नाही. म्हणून चेंबर घासला आणि ‘गळत तर नाही’ असे पाहून पुढे निघाले, एवढ्यावर पोलादी चेंबरच्या बाबतीत विसंबता येत नाही. तो खोलून आतले अंतर बघावेच लागते.

आता तो खाली का आला ते पाहू. याचे उत्तर अभियांत्रिकीत जितके आहे तितकेच करपद्धतीत आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली लागू झालेला खरेदीकर पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींवर घाऊक किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत पोचला होता. पूर्ण बांधलेल्या गाडीला तो लागे, सुट्या भागांच्या जुडीला लागत नसे. त्यामुळे सेव्हन करासह तयार घेतली तर हजार पौंडांच्या वर जाई आणि किट घेतले तर सुमारे निम्म्यात पडे. किटबरोबर जोडणीच्या सूचना देणे नियमात बसत नसल्याने चॅपमन यांनी गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचाव्यात असे सुचवले, ही गोष्ट या वर्तुळात फार लाडकी आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. महत्त्वाचे हे, की घरी जोडायच्या स्वस्त गाडीसाठी कोणी खास इंजिन घडवत नाही. जे इंजिन गल्लीतल्या दुकानात सुट्या भागांसकट मिळते, तेच तिच्यात बसते. आणि असे इंजिन असते फोर्डच्या घरगुती मोटारीचे. ती मोटार उंच, तिचे बॉनेट उंच, तिच्या खाली रस्त्यापासून भरपूर जागा. इंजिन आखणाऱ्याने उंचीची काटकसर करण्याचे कारणच नव्हते. त्याने तेलासाठी खोल, ऐसपैस चेंबर दिला. हे इंजिन गुडघ्याएवढ्या बॉनेटखाली बसवायचे म्हणजे जी उंची वर मावत नाही ती खाली जाणार. सेव्हनच्या वळणाच्या बहुतेक गाड्यांत चेंबर सांगाड्याच्या नळ्यांच्याही खाली लोंबतो तो यामुळे. रस्त्यापासूनचे अंतर शंभर मिलिमीटरच्या आगेमागे, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढे.

हे एका दिवसात घडले नाही. पहिल्या सेव्हनमधले फोर्डचे ११७२ सीसी इंजिन साइडव्हॉल्व्ह होते. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे वरचे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण. त्याचा स्ट्रोक ९२.५ मिलिमीटर, चांगलाच लांब, पण डोके चपटे असल्याने एकूण गणित जमे. पुढे झडपा हेडमध्ये वर असलेली इंजिने आली. त्यांतले १९५९च्या अँग्लियाचे ९९७ सीसी इंजिन बुटक्या गाडीला देणगीच होते, कारण त्याचा स्ट्रोक अवघा ४८.४ मिलिमीटर होता. पण ताकद हवी तर सीसी वाढवायला हवेत, आणि फोर्डने सिलिंडरचा व्यास जवळपास ८१ मिलिमीटरवर तसाच ठेवून स्ट्रोक वाढवत नेला. १६०० सीसीच्या क्रॉसफ्लो इंजिनात, जे १९६८पासून सेव्हनच्या तिसऱ्या मालिकेत बसू लागले, तो ७७.६ मिलिमीटर झाला. स्ट्रोक २९ मिलिमीटर वाढला म्हणजे क्रँकचा फेरा शाफ्टच्या खाली साडेचौदा मिलिमीटर जास्त खोल जातो, आणि वरच्या अंगाला ब्लॉकही उंच करावा लागतो. नऊ-दहा वर्षांत एकाच घराण्यातले इंजिन दोन्ही टोकांनी वाढले. ज्या बॉनेटखाली ते बसवायचे ते मात्र तेवढेच राहिले. शंभर मिलिमीटरच्या हिशेबात साडेचौदा मिलिमीटर ही चिल्लर नव्हे. सेव्हनच्या मालकांना हे इंजिन प्रिय झाले ते ताकदीसाठी, आणि या ताकदीची किंमत चेंबरने मोजली.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता, आणि तोही आधीच. १९५४ची मर्सिडीज ३०० एसएल घ्या. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिनही घरगुती मोठ्या मोटारीच्या इंजिनावरूनच घेतलेले होते. पण कारखान्याने ते सुमारे पन्नास अंश कलते बसवले आणि त्याला ड्राय संप दिला. म्हणजे तेल इंजिनाखाली साठवायचेच नाही. खाली फक्त उथळ परात, तिच्यातले तेल एक पंप सतत उपसून वेगळ्या टाकीत नेतो आणि दुसरा पंप टाकीतून बेअरिंगांना पुरवतो. तेल ठेवायची जागा बदलली की इंजिन खाली बसवता येते आणि चेंबर तरीही रस्त्यापासून दूर राहतो. १९६४च्या पोर्शे ९११नेही ड्राय संपच स्वीकारला. बुटक्या गाडीत तेल कुठे ठेवायचे हा प्रश्न, तेलाच्या भांड्याला चिलखत कसे घालायचे हा नव्हे, हे मोठ्या कारखान्यांना कळलेले होते. किट कारच्या गिऱ्हाइकाला हे कळत नव्हते असे नाही. त्याच्या खिशाला ते परवडत नव्हते. जादा पंप, पट्टा, टाकी, दाबाच्या नळ्या यांचा खर्च केला तर किट घेऊन वाचवलेला कर तिथेच संपायचा.

मग चिलखताची कल्पना आली कुठून? ती आली रॅलीतून. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली सुरू झालेली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली कच्च्या रस्त्यांवरून, दगडगोट्यांतून जाई, आणि अशा शर्यतींत चेंबरखाली जाड पत्रा किंवा ॲल्युमिनियमची पाटी बांधणे हे टायर बदलण्याइतके नित्याचे झाले. मिनीने तर त्याला प्रतिष्ठाच दिली. दहा इंची चाकांची ही छोटी गाडी, तिचा गिअरबॉक्सही चेंबरमध्येच. तरी १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लो रॅली जिंकली, आणि पोटाखाली पत्रा असल्याशिवाय ती रॅलीला उतरत नसे. अशा रॅलीच्या गाड्यांचा एक मोठा मेळावा आपल्या दारावरूनही गेला आहे. लंडन-सिडनी मॅरेथॉन २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून निघाली, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईला पोचली, आणि तिथे गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवल्या गेल्या. ९८ गाड्या निघाल्या होत्या, ५६ शेवटपर्यंत पोचल्या. जिंकली अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर, म्हणजे शेजारच्या माणसाच्या दारात उभी असावी तशी साधी चार दारांची गाडी. अशा गाड्यांच्या छायाचित्रांत पुढच्या बंपरखालून मागे जाणारी ती पाटी दिसली, की ‘दणकट गाडी’ म्हणजे काय याचे चित्र मनात पक्के होते. किट कारवाल्यांच्या मनातही ते तसेच पक्के झाले.

पण त्या पाटीमागचे गणित नीट पाहिले पाहिजे. रॅलीच्या गाडीला आधीच उंची असते आणि ती आणखी उचललेली असते. पाटी सांगाड्याच्या मजबूत भागांना बांधलेली असते, चेंबर आणि पाटी यांत मोकळी जागा असते, आणि दगडावर आदळल्यावर गाडीचा भार पाटीवरून सांगाड्यात जातो. चेंबरला त्याचा पत्ता लागत नाही. हे सगळे जमते ते उंची शिल्लक असते म्हणून. सेव्हनच्या जातीच्या गाडीत उंचीचाच दुष्काळ. तिथे पाटी लावायची तर जाडी किमान तीन-चार मिलिमीटर, पाटी वाकली तरी चेंबरला लागू नये म्हणून मधे दहा-बारा मिलिमीटरची पोकळी, आणि खाली आलेली बोल्टांची डोकी. शंभरातले पंधरा-वीस गेले. ज्या उंचवट्यावरून चेंबर अलगद गेला असता, तिथे आता पाटी घासते. चेंबर सांगाड्याच्या खाली लोंबत असल्याने पाटीला पुढून मागे सरळ रेषेत आधारही मिळत नाही. ती पुढे तिरपी चढवावी लागते, मागे क्लचच्या घंटेसारख्या घराशी कशीबशी अडकवावी लागते. त्यातून हवा अडते, आणि चेंबरच्या तळातून तेलाची बरीच उष्णता याच हवेत जात असते. शिवाय बारीक गळती पाटीवर साचत राहते आणि दिसायची तेव्हा दिसत नाही. पाटीने उंची मिळत नाही याचा सगळ्यात जुना पुरावा मिनीच्याच घरात आहे. मिनीचे रचनाकार इसिगोनिस यांची मिनी मोक मुळात सैन्यासाठी, विमानातून पॅराशूटने टाकता यावी म्हणून आखली होती. तिच्या पोटाखाली पोलादी पत्रा होता. तरीही लहान चाके आणि रस्त्यापासूनचे अपुरे अंतर यांमुळे ती सैन्याच्या कामाची ठरली नाही, आणि शेवटी ती समुद्रकिनाऱ्यांवरची हौशी गाडी होऊन बसली.

यावर पाटीवाल्यांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, घासायचे ते कधीतरी घासणारच; मग चेंबर फुटण्यापेक्षा पाटी घासलेली काय वाईट? दहा वेळा नुसता आवाज झाला आणि एकदा इंजिन वाचले, तरी सौदा फायद्याचा. ओतीव ॲल्युमिनियमच्या चेंबरबाबत मी हे निम्मे मान्य करतो. तो वाकत नाही, थेट तडकतो, आणि आधुनिक इंजिनांत तो गिअरबॉक्सलाही बोल्टांनी जोडलेला असल्याने बदलणे सोपे नसते. गावाकडच्या खडीच्या रस्त्यावर नेहमी चालणाऱ्या गाडीला, उंची पुरेशी असेल तर, पाटी जरूर असावी. पण डांबरी रस्त्यावरच्या बुटक्या गाडीसाठी हा युक्तिवाद आदळणे आणि घासणे यांची गल्लत करतो. पाटी लोंबती असेल आणि तिची पुढची कड रस्त्याच्या उंचवट्यात अडकली, तर गाडीचा सगळा वेग त्या चार बोल्टांवर येतो. ते ज्या नळ्यांना बांधलेले असतात त्या वाकतात. चेंबर वाचला आणि सांगाडा तिरका झाला, तर फायदा कोणाचा? याउलट पोलादी चेंबरच्या तळालाच तीन-चार मिलिमीटरचा जाड पत्रा सपाट वेल्ड केला, पुढची कड गोलसर वळवली, तेल सोडायचा प्लग तळातून काढून बाजूला किंवा मागच्या अंगाला नेला, तर पोकळीचे दहा-बारा मिलिमीटर वाचतात आणि घसटण्यापुरते संरक्षणही मिळते. धक्का मात्र सरळ चेंबरला बसतो, हे विसरू नये. पाटीच्या विचाराचा बुटक्या गाडीत टिकणारा भाग एवढाच.

खरा मार्ग चेंबर उथळ करण्याचा. खोल भाग इंच-दीड इंच कापायचा, नवा सपाट तळ वेल्ड करायचा, आणि तेल कमी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पंखांसारखे खिसे वाढवायचे. तेल ओढणारी नळी तेवढीच आखूड करायची, आणि तिचे तोंड नव्या तळापासून पूर्वीच्याच अंतरावर राहील हे मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा दाबून मोजून घ्यायचे. हे काम साध्या वेल्डिंगवाल्याला जमते, आणि त्यामुळेच ते गरिबाच्या किट कारमध्ये पसरले. रॉन चॅम्पियन या शाळेत शिकवणाऱ्या गृहस्थांनी १९९६ साली अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स गाडी बांधण्याचे पुस्तक लिहिले. त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाची चळवळच सुरू झाली. मोडीतल्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग, घरी जोडलेल्या चौकोनी नळ्या. या लोकांना फोर्डचे पिंटो इंजिन स्वस्तात मिळे, आणि ते वरच्या कॅमशाफ्टमुळे चांगलेच उंच. त्यांच्यापुढे पर्याय दोनच असत, बॉनेटला वर कुबड काढा किंवा चेंबर कापा. बऱ्याच जणांनी दोन्ही केले. यातला शहाणपणा असा, की कापलेला प्रत्येक मिलिमीटर थेट रस्त्यापासूनच्या अंतरात जमा होतो. पाटी तोच मिलिमीटर खर्ची टाकते.

उथळ चेंबरवरचा आक्षेप पाटीवरच्या आक्षेपाहून गंभीर आहे, कारण तो तेलाच्या स्वभावातून येतो. जोरात वळताना तेल एका बाजूला धावते. चेंबर खोल असेल तर जाळी तरीही बुडालेली राहते, उथळ असेल तर ती उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणजे रस्त्याच्या दगडापासून वाचवलेले इंजिन वळणावर गमावायचे. शिवाय तेलाची पातळी फिरत्या क्रँकच्या जवळ आली तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही. हे सगळे खरे आहे. मोटारसायकलचे इंजिन किट कारमध्ये बसवणाऱ्यांना हे सगळ्यात आधी कळले. मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे तिच्या चेंबरातले तेल तळाशीच राहते. तेच इंजिन चार चाकांवर आले की कलणे बंद होते आणि तेल भिंतीवर चढते. पण या आक्षेपाचे उत्तर इंजिन बांधणाऱ्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. जाळीभोवती पत्र्याच्या भिंती आणि त्यांत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा बसवल्या, की तेल आत येते, बाहेर धावत नाही. क्रँकच्या खाली छिद्रांचा आडवा पत्रा दिला की घुसळणे कमी होते. आणि शर्यतीच्या ट्रॅकवर, चिकट टायरांवर, लांब वळणांत हेही पुरले नाही तर ड्राय संप आहेच. पन्नास वर्षांपूर्वी तो चैनीचा वाटे, पुढे केटरहॅमसारख्या कंपन्यांनी तो वेगवान गाड्यांसाठी तयार देऊ केला. थोडक्यात, उथळ चेंबर अर्धवट केला तर धोक्याचा, पूर्ण केला तर सुरक्षित. पाटीचे तसे नाही. ती कितीही नीट केली तरी उंची खातेच.

इथवर गाडीची बाजू झाली. रस्त्याची बाजू राहिली, आणि या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. सेव्हन जन्मली तेव्हा ब्रिटनमध्ये एकही मोटरवे नव्हता, पण गतिरोधकही नव्हते. सार्वजनिक रस्त्यावर मुद्दाम उंचवटा बांधणे म्हणजे रस्ता अडवणे, आणि ते बेकायदा. हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती १९७३ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी खरेदीकर जाऊन व्हॅट आला आणि किटची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडली आणि ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅमने ती उचलली. आणि त्याच वर्षी सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतले जी. आर. वॉट्स यांनी गतिरोधकांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण साधे आणि भेदक होते. अरुंद, उभा उंचवटा वेगात ओलांडला तर स्प्रिंगा तो गिळून टाकतात आणि चालकाला कमी त्रास होतो. म्हणजे हळू जाणाऱ्याला शिक्षा आणि वेगाने जाणाऱ्याला सूट. म्हणून त्यांनी सुचवला तो १२ फूट, म्हणजे ३.७ मीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच असा गोलसर उंचवटा, ज्यावर वेग वाढेल तसा त्रास वाढतो. १९७५ साली ऑक्सफर्डमधल्या काउली इथे, मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या उपनगरात, कडस्डन वे या रस्त्यावर त्याचा प्रयोग झाला. १९८१च्या कायद्याने परवानगी मिळाली, १९८३ला नियम आले, आणि दशकभरात ब्रिटनच्या वस्त्यांमध्ये असे उंचवटे सर्रास दिसू लागले.

शंभर मिलिमीटर उंच उंचवटा आणि शंभर मिलिमीटरवर लोंबणारा चेंबर, म्हणजे सरळ टक्कर असे वाटेल. सेव्हनवाल्यांनी गतिरोधकांना दिलेल्या शिव्यांमागे हीच समजूत आहे. पण हिशेब करून पाहावा. ३.७ मीटर लांबी आणि १०० मिलिमीटर उंची म्हणजे सुमारे १७ मीटर त्रिज्येचा कंस. सेव्हनच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर सव्वादोन मीटर, म्हणजे चारही चाके एकदमच उंचवट्यावर मावतात आणि गाडी त्याच्याबरोबर वर उचलली जाते. त्या क्षणी दोन्ही आसांच्या बरोबर मधोमध उंचवटा गाडीच्या पोटाकडे ३७ मिलिमीटर सरकतो, आणि पुढच्या आसापासून ४० सेंटिमीटर मागे, जिथे चेंबरचा खोल भाग असू शकतो, तिथे अवघा २२ मिलिमीटर. शंभरातून बावीस गेले तरी बरेच उरतात. मग चेंबर घासतो कसा? घासतो तो ब्रेकमुळे. उंचवट्यावर चढल्यावर घाबरून ब्रेक दाबला की नाक खाली जाते, आणि उतरताना पुढच्या स्प्रिंगा दबलेल्या असतानाच चेंबर उताराच्या कडेवरून जात असतो. त्यात इंजिन ज्या रबरी मुठींवर बसलेले असते त्या वर्षानुवर्षांत बसतात आणि चेंबर काही मिलिमीटर गुपचूप खाली येतो. वॉट्सच्या उंचवट्याला बोल लावण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

आपल्याकडे याचा थेट संबंध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत गोलसर गतिरोधकाची मापे आहेत ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची, १७ मीटर त्रिज्या, ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी. म्हणजे कागदावर पुण्यातला गतिरोधक आणि ऑक्सफर्डमधला गतिरोधक सख्खे भाऊ आहेत. रस्त्यावर मात्र आपल्या सोसायट्यांच्या आणि गावांच्या तोंडाशी जे हातभर रुंदीचे डांबराचे बांध दिसतात, ते वॉट्स यांनी १९७३ साली नेमके नाकारलेले उभे उंचवटे आहेत. हातभर बांध दोन आसांच्या मधे आला की चारही चाके सपाट रस्त्यावर असतात आणि बांधाची सगळी उंची पोटाखालून वजा होते. तिथे बावीस मिलिमीटरचा हिशेब उरत नाही, पूर्ण शंभर जातात. कोणतीही पाटी, कितीही उथळ चेंबर, यावर पुरा उपाय ठरणार नाही. बुटकी सेव्हन सोडा, गॅरेजमध्ये चेंबर बदलायला आलेल्या साध्या सेदानचा चालकही बहुधा असल्याच बांधाचे नाव घेतो. तेव्हा ‘आधी रस्ते सुधारा’ हा आक्षेप भारतापुरता मला मान्य आहे. ब्रिटनच्या बाबतीत तो तितकासा टिकत नाही.

म्हणून बुटकी गाडी बांधायला घेतलेल्या माणसाने खर्चाचा क्रम असा ठेवावा. प्रथम इंजिनाच्या रबरी मुठी नव्या घालाव्यात आणि पुढच्या स्प्रिंगा दहा-पंधरा मिलिमीटर चढवून पाहाव्यात. मूळ इंजिनाचा चेंबर पोलादी असेल तर तो उथळ करून आतल्या भिंतींसकट बांधून घ्यावा. प्लग तळातून हलवावा. आणि ट्रॅकवर जाण्याचा बेत असेल तर ड्राय संपसाठी पैसे बाजूला काढावेत. इतके सगळे झाल्यावर दोन चाळीस मिलिमीटरच्या लाकडी फळ्या एकावर एक ठेवून गाडी माणसांसकट त्यावरून ढकलत न्यावी. ती न घासता गेली, तर पाटीची गरज नाही. घासली, तरी पाटीने ती जायची नाही.